घरी कंट्रोलर, क्लबात सीडीजे: अनोळखी मशीनवर वाजवण्याची तयारी

सांगली-मिरजेत किंवा साताऱ्यात डीजे शिकणाऱ्याचा हात दोन ठिकाणी बसतो. एक म्हणजे घरी लॅपटॉपला जोडलेला दोन चॅनेलचा छोटा कंट्रोलर, आणि दुसरं म्हणजे लग्नाच्या मोसमात साउंडवाल्याकडचा ऑल-इन-वन, म्हणजे प्लेअर आणि मिक्सर एकाच पेटीत. पुण्यातल्या क्लबाची सुपारी आली की चित्र बदलतं. पेन ड्राइव्हवरून गाणी वाजवणारे दोन किंवा चार सुटे प्लेअर (बहुतेकदा पायोनिअरचे सीडीजे), मध्ये चार चॅनेलचा मिक्सर, आणि लॅपटॉप ठेवायला बहुतेकदा जागा नसतेच. साताऱ्याहून पुणे एकशेदहा किलोमीटर, सांगलीहून सव्वादोनशेच्या पुढे. आदल्या दिवशी जाऊन मशीन हाताळून यावं इतकं ते जवळ नाही. त्यामुळे तयारी इथे बसूनच, ते मशीन समोर नसताना करावी लागते. आम्ही ती करतो तशी लिहितो आहोत.

फोनवर जे मशीन सांगितलं जातं त्याच्या भरवशावर आम्ही राहत नाही. त्या जातीचं जुन्यातलं जुनं, कमीत कमी सोयींचं मशीन समोर येईल असं धरून तयारी करतो. नवीन निघालं तर सोय वाढते, बिघडत काहीच नाही. उलटं झालं तर मात्र अर्धी तयारी बूथमध्ये, म्हणजे डीजेच्या जागी, वाया जाते.

म्हणून पहिलं काम फोटो मागवणं. क्लबाच्या मॅनेजरला विचारलं तर उत्तर येतं, “पायोनिअर आहे.” एवढ्यानं काही कळत नाही. तिथल्या साउंडच्या माणसाचा नंबर घ्यायचा आणि सरळ सांगायचं, “दादा, बूथचा वरून एक फोटो टाका, आणि मिक्सरच्या मागच्या बाजूचा एक.” वरच्या फोटोत मॉडेल नंबर वाचता येतो. मागच्या फोटोत कोणता प्लेअर कोणत्या चॅनेलला गेलाय, प्लेअर एकमेकांना जोडणाऱ्या लॅन केबल लावल्यात का, बूथ मॉनिटरची (डीजेकडे तोंड केलेल्या स्पीकरची) वायर आहे का, हे दिसतं. मागचा फोटो जास्त कामाचा.

मॉडेल नंबर कळला की काय मिळणार आणि काय नाही ते ठरवता येतं. सीडीजे-२००० हे २००९ चं. त्यात सिंक (दोन गाण्यांचा वेग आपोआप जुळवणं) नाही, हॉट क्यू (एका बटणानं गाण्यातल्या ठरवलेल्या जागी उडी) फक्त ए, बी, सी असे तीन, आणि जवळून बघता येणारी वेव्हफॉर्म (गाण्याच्या आवाजाचा आलेख) नाही. २०१२ च्या नेक्सस आवृत्तीत सिंक आणि झूम होणारी वेव्हफॉर्म आली, पण हॉट क्यू तीनच राहिले. २०१६ च्या एनएक्सएस२ (नेक्ससची दुसरी आवृत्ती) मध्ये हॉट क्यू आठ झाले आणि फ्लॅक (दर्जा न घटवता साठवलेली) फाइल चालायला लागली. २०२० च्या सीडीजे-३००० वर आठही हॉट क्यूंना स्वतंत्र बटणं आहेत आणि पडदा नऊ इंची आहे. घरच्या कंट्रोलरवर आठ पॅड वापरायची सवय असते. म्हणून गाण्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या तीन जागा, म्हणजे सुरुवात, पहिला ड्रॉप (जिथे बीट जोरात सुरू होते) आणि बाहेर पडायची जागा, आम्ही कायम ए, बी, सी वर ठेवतो. बाकीचे क्यू पुढे. त्याच तीन जागांवर मेमरी क्यूही (गाण्याबरोबर साठवलेली खूण) टाकतो, कारण तो मूळ सीडीजे-२००० वरही कॉलच्या बाणांनी लगेच सापडतो.

आता पेन ड्राइव्ह. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात.

फॉरमॅट एफएटी३२. बाजारातून आणलेला ६४ जीबीचा ड्राइव्ह बहुतेकदा एक्सफॅटमध्ये येतो. लॅपटॉपवर तो व्यवस्थित चालतो, पण एनएक्सएस२ आणि त्याआधीचे सीडीजे तो वाचत नाहीत. विंडोजवर राइट क्लिक करून फॉरमॅट करताना ३२ जीबीच्या वरच्या ड्राइव्हला एफएटी३२ हा पर्यायच दिसत नाही, त्यासाठी वेगळं टूल लागतं. मॅकवर फॉरमॅट करताना स्कीम मास्टर बूट रेकॉर्ड निवडायची. तिथे जीयूआयडी राहिली तर नाव एफएटी असूनही प्लेअरला ड्राइव्ह दिसत नाही. यातून सुटायचा सोपा मार्ग म्हणजे ३२ जीबीचाच ड्राइव्ह घेणं. ३२० केबीपीएसच्या एमपीथ्रीला मिनिटाला २.४ एमबी लागतात. पाच मिनिटांचं गाणं १२ एमबीचं, म्हणजे ३२ जीबीत अडीच हजारांवर गाणी बसतात. एका रात्रीला यातली शंभरसुद्धा लागत नाहीत.

फाइलचा प्रकारही जुन्या मशीनला धरून. ३२० केबीपीएस एमपीथ्री, ४४.१ किलोहर्ट्‌झ, हे सगळीकडे चालतं. फ्लॅक घेऊन गेलात आणि समोर नेक्सस निघालं तर पडद्यावर ई-८३०५ येतं, म्हणजे हा प्रकार चालत नाही. ९६ किलोहर्ट्‌झची वेव्ह फाइलही जुन्या प्लेअरवर अडकते. दर्जा हवाच असेल तर १६ बिट, ४४.१ ची एआयएफएफ न्यावी. ती जुन्यांवरही चालते आणि तिच्यात गाण्याचं नाव, कलाकार ही माहितीही टिकते.

गाणी फोल्डरमध्ये ओढून टाकायची नाहीत. रेकॉर्डबॉक्स हे पायोनिअरचं सॉफ्टवेअर एक्सपोर्ट मोडमध्ये फुकट मिळतं. त्यात गाणी घ्यायची, अॅनालिसिस पूर्ण होऊ द्यायचं, प्लेलिस्ट करायच्या आणि तिथूनच ड्राइव्हवर एक्सपोर्ट करायचं. नुसती ओढलेली गाणी वाजतात, पण बीट ग्रिड (गाण्यातल्या प्रत्येक बीटची खूण), क्यू आणि प्लेलिस्ट काहीच मिळत नाही. समोर ओपस-क्वाड किंवा एक्सडीजे-एझी असे नवे ऑल-इन-वन असण्याची शक्यता असेल तर एक लक्षात ठेवायचं. ती मशीन डिव्हाइस लायब्ररी प्लस या वेगळ्या पद्धतीची यादी वाचतात, तर सीडीजे-२००० च्या सगळ्या आवृत्त्या जुन्या पद्धतीची. ड्राइव्हवर दोन्ही असू द्याव्यात.

गाण्यांची नावं रोमन लिपीत टाइप करायची. या प्लेअरच्या मेनूच्या भाषांमध्ये हिंदी-मराठी नाही, त्यामुळे देवनागरी नाव नीट उमटेल यावर अवलंबून राहू नये. शोधतानाही पडद्यावर रोमन कीबोर्डच असतो. स्पेलिंग एकच ठरवायचं. एका गाण्यात ‘halagi’ आणि दुसऱ्यात ‘halgi’ असं झालं की ऐनवेळी दुसरं सापडत नाही.

असे दोन ड्राइव्ह, हुबेहूब सारखे. एक प्लेअरमध्ये, एक खिशात. लॅन केबल असेल तर एकच ड्राइव्ह सगळ्या प्लेअरना पुरतो, नसेल तर दुसरा लगेच कामाला येतो. ड्राइव्ह साध्या यूएसबी-ए तोंडाचा आणि बारीक बांध्याचा असावा.

ग्रिडकडे आपल्याकडच्या गाण्यांमुळे जास्त लक्ष द्यावं लागतं. हाउस, टेक्नो अशी संगणकावर बनलेली गाणी रेकॉर्डबॉक्स अचूक मोजतं. ढोलकी, हलगी, संबळ हातानं वाजवून रेकॉर्ड केलेल्या गाण्यात वेग अंतऱ्यापर्यंत थोडा सरकलेला असतो. अशा गाण्याला अॅनालिसिस ‘नॉर्मल’वर न ठेवता ‘डायनॅमिक’वर करायचं, मग ग्रिड वेगाबरोबर सरकते. तरी शेवटच्या कडव्याला जाऊन कानानं तपासायचं, मेट्रोनोम लावून. दुसरा घोळ निम्म्या-दुपटीचा. ७५ बीपीएमचं (मिनिटाला ७५ बीट) गाणं १५० दाखवतं आणि मग यादीत चुकीच्या शेजारी जाऊन बसतं. तिसरा घोळ सहा मात्रांच्या चालीचा. दादऱ्याच्या अंगानं जाणारं कोळीगीत सॉफ्टवेअर चार-चारच्या घरात बसवतं. त्यावर चार बीटचा ऑटो लूप (तेवढाच तुकडा पुन्हापुन्हा वाजवणं) लावला की ठेका मोडतो आणि नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. अशा गाण्यांना सिंक बंद, क्वांटाइझ (क्यू-लूप आपोआप ग्रिडवर बसवणं) बंद, लूप हातानं इन-आउट दाबून. याहून पक्का उपाय म्हणजे घरीच गाण्याच्या आधी ३२ बीटची सरळ किकची (बास ड्रमच्या ठोक्यांची) इंट्रो जोडून नवीन फाइल करून ठेवणं. मग कोणत्याही मशीनवर, सिंक असो-नसो, त्यात शिरायला मोकळी जागा मिळते.

मशीन नसताना सराव कशाचा करायचा, तर ज्या सोयी क्लबात मिळणार नाहीत त्यांच्याशिवाय वाजवण्याचा. सिंकचं बटण विसरायचं. लॅपटॉपच्या पडद्यावर बीपीएमच्या आकड्यांवर आणि वेव्हफॉर्मवर कागद चिकटवायचा. पहिल्या दिवसांत मिक्स बरेच घसरतात, ते व्हायचंच. कान काय ऐकतो ते समजून घ्यावं: १२८ बीपीएमला एक बीट ४६९ मिलिसेकंदांची. दोन गाण्यांत ०.१ बीपीएमचा फरक राहिला तर मिनिटाभरात ती ४७ मिलिसेकंदांनी सरकतात आणि एका किकच्या दोन किक ऐकू येतात. ते फाटणं सुरू होताच कोणतं गाणं पुढे पळतंय हे ओळखून जॉगची (प्लेअरवरच्या गोल चाकाची) कड हलकेच ढकलायची, मग टेम्पो फेडर (वेगाची सरकपट्टी) केसभर हलवायचा. हा क्रम बोटांत बसला की कोणत्याही मशीनवर उभं राहता येतं.

हातानं पडणारा फरकही मोठा. छोट्या कंट्रोलरचा टेम्पो फेडर आखूड असतो, सीडीजेचा १०० मिलिमीटरचा. आणि सीडीजे-२००० चा जॉग २०६ मिलिमीटर रुंद. घरच्यासारखा झटका दिला तर गाणं पाहिजे त्याहून जास्त सरकतं. याचा अंदाज मशीनवरच येतो, म्हणून आम्ही सांगलीतल्या साउंडवाल्यांकडे शब्द टाकतो. दुपारी लॉनवर त्यांचं सामान लागत असतं, तेव्हा जोडणी आणि टेस्टिंगमध्ये थोडा मोकळा वेळ मिळतो. ऑल-इन-वन असला तरी जॉग आणि फेडर मोठे असतात. त्या वेळात आख्खा सेट वाजवायचा नाही. फक्त ढकलणं, थांबवणं, क्यू पकडणं, आणि आपला पेन ड्राइव्ह तिथे वाचला जातो का ते बघणं.

मिक्सरचं मॅन्युअल कंपनीच्या साइटवर पीडीएफमध्ये मिळतं. त्यातलं वरच्या बाजूचं चित्र छापून भिंतीला लावायचं आणि डोळे मिटून सांगता आलं पाहिजे की हेडफोन क्यू कुठे, बूथचा नॉब कुठे, इफेक्टचं मोठं बटण कुठे. डीजेएम-९०० एनएक्सएस२ या पायोनिअरच्या मिक्सरवर कंट्रोलरच्या सवयीला तीन ठिकाणी धक्का बसतो. पहिलं, चॅनेलखालचा कलर नॉब. छोट्या कंट्रोलरवर तो फिल्टर म्हणून हाताला बसलेला असतो. इथे स्पेस, डब इको, स्वीप, नॉइझ, क्रश, फिल्टर अशी सहा बटणं आहेत आणि आधीच्यानं जे दाबून ठेवलं असेल तेच चालू असतं. नॉइझ दाबलेलं असताना फिल्टर समजून नॉब फिरवला की गाण्यावर सळसळाट येतो. दुसरं, ईक्यूचा (बास, मिड, ट्रेबल कमी-जास्त करणाऱ्या नॉबचा) स्विच. ईक्यूवर असेल तर बास पूर्ण फिरवूनही -२६ डेसिबलपर्यंतच खाली जातो, आयसोलेटरवर असेल तर पूर्ण बंद होतो. बास बदलून मिक्स करणाऱ्याला दोन्हींत हात वेगळा चालवावा लागतो.

तिसरं आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लॅपटॉपवर सॉफ्टवेअर ऑटो गेन लावून सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करून देतं, आणि आपल्याला वाटतं गाणीच तशी आहेत. सीडीजेवर ते होत नाही. जुनी लावणी आणि नवीन रिमिक्स यांच्या आवाजातलं अंतर तिथे उघडं पडतं. प्रत्येक गाणं लोड केल्यावर हेडफोनमध्ये त्याची भरलेली जागा ऐकायची, चॅनेलच्या मीटरकडे बघायचं, ट्रिमनं (चॅनेलचा आवाज ठरवणाऱ्या नॉबनं) ते चालू गाण्याच्या पातळीला आणायचं आणि मगच फेडर वर. तांबडा दिवा कधीच लागू द्यायचा नाही. क्लबात बहुतेकदा पुढे लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर अडवणारं यंत्र) असतो. आपण मिक्सरवर रेटलं की आवाज वाढत नाही, फक्त दबून चपटा होतो. मास्टरच्या नॉबला हात लावायचा नाही, तो तिथल्या साउंडवाल्याचा. डॉल्बीच्या भिंतीसमोर वाजवलेल्याला ही शिस्त जड जाते, पण क्लबाच्या बंद खोलीत कमी आवाजातही किक छातीत लागते.

मिक्सर ॲलन अँड हीथचा झोन:९२ निघाला तर ईक्यू तीनऐवजी चार पट्ट्यांचा असतो आणि फिल्टर चॅनेलवर नसून वेगळा, बटणानं चॅनेलला जोडायचा. बास बदलताना खालच्या दोन पट्ट्या मिळून काम करतात एवढं डोक्यात ठेवलं तरी निभावतं. डेनॉनचा प्राइम ४ हा ऑल-इन-वन असेल तर एंजिन डीजे या त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डबॉक्सची लायब्ररी आणून त्याच ड्राइव्हवर तीही एक्सपोर्ट करता येते.

बरोबर न्यायचं सामान थोडंच. दोन ड्राइव्ह, हेडफोन, ३.५ ते ६.३५ मिलिमीटरचे दोन अडॅप्टर (एक हरवतोच), छोटा टॉर्च, आणि पेपर टेप.

क्लब उघडायच्या आधी पोहोचायचं. गर्दी नसताना मिळालेला अर्धा तास पुरतो, पण क्रम ठरलेला हवा. आधी प्लेअर नंबर बघायचे. दोन प्लेअरचा नंबर एकच असेल तर लिंक (लॅन केबलवरची जोडणी) चालत नाही, आणि ड्राइव्ह लावलेला असताना नंबर बदलता येत नाही, म्हणून हे ड्राइव्ह लावायच्या आधी. मग ड्राइव्ह लावून माय सेटिंग्ज लोड करायच्या. त्या रेकॉर्डबॉक्समध्ये घरीच भरून ठेवलेल्या असतात. मूळ सीडीजे-२००० असेल तर हे सगळं हातानं. आमच्या सेटिंग अशा: टेम्पो रेंज (वेग किती बदलता येतो) ±६ टक्के, मास्टर टेम्पो चालू, जॉग व्हाइनल मोड (वर हात ठेवला की गाणं थांबतं), वेळ उरलेली दाखवणारी, ऑटो क्यू ‘मेमरी’वर, म्हणजे गाणं पहिल्या मेमरी क्यूवर येऊन थांबतं.

टेम्पो रेंजची कारणं सांगायला हवीत. ±६ वर फेडरची एक पायरी ०.०२ टक्क्यांची. ‘वाइड’वर ती ०.५ टक्क्यांची, म्हणजे १२८ ला ०.६४ बीपीएमची. आधीच्यानं वाइड सोडून दिलं असेल तर कितीही कौशल्य असलं तरी वेग जुळत नाही. दोन पायऱ्यांच्या मध्ये अडकलेलं गाणं दहा सेकंदांत पंचवीस मिलिसेकंद सरकू शकतं. मास्टर टेम्पो बंद राहिला तर ६ टक्क्यांनी गायकाचा सूर अर्ध्या स्वरानं चढतो, पांढरी पाचची काळी चार होते. मिरजेच्या तंतुवाद्यांवर कान तयार झालेल्या आमच्याकडच्या माणसाला ते लगेच बोचतं, पुण्यातल्यालाही बोचेलच. आणखी एक: प्लेअरवरचा व्हाइनल स्पीड ॲडजस्टचा नॉब. तो फिरवून ठेवलेला असेल तर पॉज दाबल्यावर गाणं हळूहळू लोळत थांबतं आणि मशीन बिघडलंय असं वाटतं. नॉब शून्याकडे आणला की झालं.

यानंतर मिक्सर. चॅनेलच्या वरचा इनपुट निवडीचा स्विच बरोबर जागी आहे का, डेक दोन खरंच चॅनेल दोनवर येतोय का (बऱ्याच ठिकाणी दोन प्लेअर मधल्या दोन चॅनेलना, म्हणजे दोन-तीनला असतात), क्रॉसफेडरची निवड थ्रूवर (म्हणजे आडवा फेडर बाद) आहे का. टेपच्या तुकड्यावर १, २ लिहून चिकटवलं की अंधारात शोधावं लागत नाही.

मग बूथ मॉनिटर. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. मुख्य स्पीकर आपल्यापासून दहा मीटरवर असतील तर त्यांचा आवाज आपल्याकडे २९ मिलिसेकंद उशिरा येतो, म्हणजे १२८ च्या बीटचा सोळावा भाग. बूथ मॉनिटर बंद असेल आणि आपण एका कानात हेडफोन, दुसऱ्यानं खोली ऐकत जुळवलं, तर आपल्याला जुळलेलं वाटतं आणि लोकांना दुहेरी किक ऐकू येते. यावर उपाय दोनच: मॉनिटर लावून घ्यायचा, नाहीतर हेडफोन मिक्सिंगचा नॉब मध्यावर आणून मास्टर आणि पुढचं गाणं दोन्ही हेडफोनमध्ये ऐकायचं. पहिले दोन-तीन मिक्स आम्ही मॉनिटर असला तरी दुसऱ्या पद्धतीनं करतो.

आधीचा डीजे वाजवत असताना बदली घ्यायची असते तेव्हा त्याच्या शेवटच्या दोन गाण्यांआधी बूथमध्ये जायचं, त्याच्या मागे उभं राहायचं आणि शेवटचं गाणं कोणतं ते विचारायचं. त्याचा ड्राइव्ह काढायचा नाही. चालू गाणं लिंकवरून त्याच ड्राइव्हवर चाललेलं असतं. तो उपसला तर नेक्सस आणि पुढची मशीन छोट्या लूपवर जाऊन गाणं सावरून धरतात, जुनी गप्प होतात. मोकळ्या प्लेअरला आपला ड्राइव्ह लावायचा, रेंज आणि मास्टर टेम्पो पुन्हा बघायचे, चॅनेलचा ईक्यू आणि कलर नॉब मध्यावर, बीट इफेक्टचं बटण लुकलुकत असेल तर बंद. पहिलं गाणं आपल्या हातातलं घ्यायचं, लांब इंट्रोचं, सरळ चारचं, गाता गळा उशिरा येणारं. अनोळखी मशीनवर पहिला मिक्स लांब आणि साधा ठेवला की फेडर, जॉग, ट्रिम यांचा अंदाज त्यातच येतो.

साताऱ्या-सांगलीतल्या उघड्या लॉनवर हाच सेटअप आला तर रात्री दहाची मर्यादा असते, ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे. पाहुण्यांचं जेवण लांबतं, वाजवायचा वेळ आक्रसतो, पण दहा वाजायचे ते वाजतातच. म्हणून प्लेलिस्ट शेवटाकडून लावतो: शेवटची पाच गाणी आधी ठरवून वेगळ्या यादीत, म्हणजे साडेनऊला बोलावलं तरी त्यांच्यावर उतरता येतं.

सेट संपल्यावर यूएसबी स्टॉपचं बटण दोन सेकंदांहून जास्त दाबून धरायचं, दिवा विझल्यावरच ड्राइव्ह ओढायचा. घाईत उपसला तर ड्राइव्हवरची यादी खराब होते आणि पुढच्या ठिकाणी प्लेलिस्टच दिसत नाहीत. घरी आल्यावर तो रेकॉर्डबॉक्सला लावला की हिस्टरीमध्ये रात्री वाजवलेली गाणी क्रमानं मिळतात. त्यात ज्या गाण्यांचा ट्रिम जास्त हलवावा लागला, ज्यांची ग्रिड सरकली, ती तिथल्या तिथे दुरुस्त करायची आणि दोन्ही ड्राइव्ह पुन्हा एक्सपोर्ट करून ठेवायचे.